एका काठाची करवत

बाबुलाल आबाजींनी सत्काराला नाही म्हटलं, आणि म्हटलं ते कधी, तर पत्रिका छापून घरात आल्यावर.

कुंदननं गठ्ठा ओसरीवर आणून ठेवला होता. गुळगुळीत कागद, वर विमानाचं चित्र, खाली तिरंगा आणि मधोमध आबाजींचा सुटातला फोटो. ‘एकाहत्तरच्या युद्धातील शूर वैमानिक, तीन देशांतील भारताचे माजी राजदूत, मोहाडीचे सुपुत्र.’ आबाजींनी पत्रिका दोन्ही बाजूंनी वाचली, होती तशी घडी केली आणि परत गठ्ठ्यावर ठेवली.

“छान छापली,” ते म्हणाले. “पण मी येणार नाही.”

“आता काहून नाही म्हणून राहिले, आबाजी?” कुंदनचा चेहरा खर्रकन उतरला. “हॉल झाला. तहसीलदार साहेब हो म्हणाले. बँडवाल्याले सांगून झालं.”

“बँड? माझं लगन लावून राहिला का रे या वयात?”

“मस्करी नका करू जी काकाजी,” आतून सुमित्राबाई म्हणाल्या. “साऱ्या मोहल्ल्यात सांगून बसली मी. त्या सत्यभामाबाईले तं पहिल्या रांगेतली खुर्ची कबूल केली. आता तिले काय तोंड दाखवू?”

“तिले म्हणा, मी नसलो तं एक खुर्ची वाढीव मिळेल. पाय पसरून बसा.”

सगळे हसले. एकटी मंजुषा हसली नाही. ती दाराशी मनालीला कडेवर घेऊन उभी होती, आणि तिचं लक्ष आबाजींच्या अंगठ्याकडे होतं. डाव्या हाताचा अंगठा पत्रिकेच्या कडेवरून हळूहळू पुढेमागे फिरत होता. कापडाचा काठ तपासताना विणकर फिरवतो, अगदी तसा.

मंजुषा या घरात सून होऊन आली त्याला तीन वर्षं झाली होती. माहेर नाकाडोंगरीचं, वडील मॅंगनीजच्या खाणीवर नोकरीला. कोष्ट्याची पोर असून तिनं माग पाहिला होता तो आत्याच्या घरी, सुट्टीत, तेवढाच. सासरी आली तेव्हा सासरे वारलेले, आणि मधल्या खोलीतल्या खड्ड्यावरचा माग गोणपाटाखाली झाकून ठेवलेला. नवऱ्याचं, कुंदनचं, कापडाचं दुकान होतं. माग विकून तिथं फ्रीज ठेवू म्हणत होता. मंजुषानं गोणपाट काढलं. सासूनं, सुमित्राबाईंनी, आधी नाक मुरडलं, मग पदर खोचून तिला शिकवायला बसल्या.

त्याच वर्षी आबाजी दिल्लीहून कायमचे परत आले होते. नात्यानं कुंदनच्या आजोबांचे धाकटे भाऊ. बायको गेली, लेक परदेशी. परसात दोन खोल्या बांधून घेतल्या आणि राहू लागले. मंजुषानं त्यांच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की पहिल्या दिवशी ती डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून, काय बोलावं ते पाठ करूनच गेली. पाहते तर राजदूत पाटावर बसून लाखोरीची डाळ निवडत होते. “बस पोरी,” म्हणाले, “खडे मले दिसत नाहीत, तुले दिसतील.”

त्यांची एक गोष्ट मोहाडीत लहान पोरांनाही पाठ होती. समुद्राकाठच्या एका देशात घरचीच लढाई पेटलेली. आपल्याकडच्या नर्सा, गवंडी, आचारी असे तीनशे बारा लोक शहरात अडकलेले. बंदराचा रस्ता धड होता, पण त्यावर तोफा सुरू. आबाजी तिथं राजदूत. ते एकटेच त्या तोफांच्या सरदाराकडे गेले आणि समोर बसले. मागितलं काय, तर दोन तास रिकामं आभाळ. सरदार हसला. म्हणाला, तू स्वतः आभाळातून आग टाकलेला माणूस, तूच मला शिकवतोस? आबाजी म्हणाले, म्हणूनच मागतोय. वरून टाकलेलं खाली काय करतं ते वरच्याला दिसत नाही, मी नंतर खाली उतरून पाहिलंय. एकोणीस तास ते त्या खुर्चीवरून उठले नाहीत. चौदा पेले चहा प्याले. विसाव्या तासाला तोफा थांबल्या आणि बसगाड्या बंदराकडे निघाल्या.

मंजुषाला ही गोष्ट आठवली की अंगावर काटा यायचा. एकोणीस तास! तिची मनाली एकोणीस मिनिटं खांद्यावरून उतरली नाही तर तिच्या कमरेचे टाके ढिले व्हायचे. हा माणूस कुठल्या मातीचा असेल?

पण अशा माणसाला सत्काराची भीती का वाटावी, हे तिला पत्रिका आल्याच्या तिसऱ्या दिवसापासून कळत गेलं.

दुपार होती. मनालीची झोळी मागाच्या लाकडी चौकटीलाच बांधलेली. या घरातली तीच रीत. हात्या, म्हणजे धागा ठोकायची फळी, ओढला की चौकट हलते, चौकट हलली की झोळी हलते, आणि माग एका तालात चालला की पोर झोपून राहतं. ताल चुकला की जागं होतं. पोर झोपलेलं तो वेळ मंजुषाचा. त्या वेळात ती कोशाची, टसर रेशमाची, साडी विणत होती, करवत काठाची. काठाचा लाल आणि अंगाचा पिवळसर धागा एकमेकांत अडकवत न्यायचा, म्हणजे काठाला करवतीसारखे दात पडत जातात. धोटे तीन, हात दोन, आणि लक्ष झोळीकडे. व्हायचं तेच झालं. एक दात दोन धाग्यांनी लांबला, आणि हे तिच्या ध्यानात आलं चार बोटं पुढे गेल्यावर.

“आई, उसवू का?”

सुमित्राबाईंनी वाकून पाहिलं. “उसवू नको. उसवलं की सूत फुगते, जागा दिसते. आता पुढचाही तसाच लांब घाल. मग त्याच्या पुढचा. एकदा झाली तं चूक, दहादा झाली तं नक्षी.”

“फसवणूक झाली ना ही!”

“फसवणूक कायची वो? साऱ्या कोष्टीपुऱ्यात असंच चालते. तुह्या सासऱ्यानं तं आपल्या लग्नाच्या शालूतच...” त्या हसत आत गेल्या.

दारात आबाजी उभे होते. चहाचा रिकामा पेला परत द्यायला आले असतील. पण पेला हातातच राहिला.

“काय म्हणाली सुमित्रा? परत सांग.”

मंजुषानं सांगितलं. आबाजी आत आले, खड्ड्याच्या काठावर हळूच टेकले आणि मनालीच्या झोळीला हात लावला.

“मी नऊ वर्षांचा असताना या मागावर बसलो,” ते म्हणाले. “शिष्यवृत्ती मिळाली, नागपूरला गेलो, तिथून वायुसेनेत. हे वाक्य मले माहीत असायले पाहिजे होतं. माझ्या मायनं नक्कीच सांगितलं असेल. विसरलो.”

मग त्यांनी जे सांगितलं ते तीन दुपारी चाललं, मनाली उठली की थांबायचं आणि झोपली की पुढे.

लढाई सुरू होऊन आठवडा झाला होता. आबाजींचं हंटर विमान पूर्वेच्या आघाडीवर एका रेल्वेच्या यार्डावर झेपावलं आणि खालून गोळा लागला. इंजिन बंद पडलं. खुर्चीसकट बाहेर फेकले गेले ते मोहरीच्या पिवळ्या शेतात येऊन आदळले. घोटा मोडला, पाठीच्या कण्यात कळ उठली. शिकवलेलं असं होतं, की वस्ती टाळा, झाडीत लपा. ते झाडीकडे सरपटू लागले, आणि त्यांना आवाज आला. खटक-खट. खटक-खट.

“मायच्या पोटात असल्यापासून जो आवाज ऐकला,” आबाजी म्हणाले, “तो परक्या मुलखात ऐकू आला. मग कसलं शिक्षण आणि कसलं काय! मी त्या आवाजाकडे गेलो.”

गवताचं छप्पर, आत खड्ड्यावर तीन माग. पहिल्यावर पांढऱ्या दाढीचा म्हातारा विणकर, दुसऱ्यावर त्याचा मुलगा. तिसरा रिकामा, त्यावर लाल काठाची सुती साडी अर्धवट. त्या रिकाम्या मागाच्या चौकटीला झोळी बांधलेली, झोळीत तान्हं पोर, आणि झोळीजवळ त्याची आई, अठरा-एकोणीसची. ती किंचाळणार इतक्यात म्हाताऱ्यानं हात वर केला. भाषा येत नव्हती. आबाजींनी इकडेतिकडे पाहिलं, रिकाम्या मागावरचा एक तुटलेला ताण्याचा धागा त्यांना दिसला. ते पुढे झाले आणि एका हातानं, चिमटीतल्या चिमटीत, विणकराची गाठ मारून धागा जोडून दिला.

“म्हाताऱ्यानं गाठ पाहिली, माझं तोंड पाहिलं. बस. पुढे काही विचारलं नाही.”

शत्रूचा शिपाई यायला वेळ लागला नाही. तोवर म्हाताऱ्यानं त्यांना लुंगी दिली होती आणि वैमानिकाचे कपडे खड्ड्यात सुताच्या गोळ्यांखाली दाबले होते. आबाजी तिसऱ्या मागावर बसले. मोडलेला पाय खड्ड्यात पावडीवर, पायानं दाबायच्या फळीवर, कोणाला न दिसेल असा. शिपाई आत आला. हा कोण? म्हाताऱ्यानं कानाला आणि तोंडाला हात लावून दाखवलं, बहिरा-मुका भाचा आहे. शिपायानं त्यांच्या कानामागे बंदुकीचा दस्ता खांबावर दाणकन आपटला. आबाजींनी मान वळवली नाही.

“पोर उठलं असेल!” मंजुषाच्या तोंडून निघून गेलं.

“चुळबुळलं. मी हात्या ओढत राहिलो. पाय असा दुखत होता की डोळ्यांपुढे अंधार, पण ताल सोडला नाही. पोर परत झोपलं. शिपाई बघत होता. परक्या माणसाच्या मागावर पोर झोपत नाही, हे त्याच्याही मनात आलं असेल. बिडी पेटवून तो तिथंच बसला. अर्धा तास.” आबाजींनी श्वास घेतला. “आणि त्या अर्ध्या तासात माझ्या हातांनी दगा दिला.”

“म्हणजे?”

“भीती वाटली की हात आपल्या घरी जातात, पोरी. पदरासाठी भरलेला लाल सुताचा धोटा बाजूले पडला होता. डाव्या हातानं तो कधी उचलला, मले कळलंच नाही. शिपाई गेल्यावर खाली पाहिलं तं डाव्या काठाले लाल करवत! अकरा दात. त्या मुलखात असा काठ कोणी विणत नाही. सरळ काठाच्या साडीत अकरा दात, ते बी एकाच बाजूले. उद्या कोणी शहाणा अधिकारी आला असता, त्यानं नुसतं विचारलं असतं की हे कोणी विणलं? तं त्या घराचं काय झालं असतं?”

म्हाताऱ्यानंही ते दात पाहिले होते. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बोलायला भाषा नव्हती, उसवायला वेळ नव्हता. तिन्हीसांजेला त्यांना सुताच्या गाठोड्यांखाली होडीत निजवून नदीपार केलं. चार दिवसांनी ते आपल्या फौजेत पोचले. कण्यामुळे पुन्हा लढाऊ विमान चालवता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी परीक्षा दिली आणि परराष्ट्र खात्यात गेले. तिथं लोक पॅरिस मागायचे, लंडन मागायचे. यांनी, जिथं ते पडले होते, तोच देश मागून घेतला. तीन वर्षं, दर सुट्टीला, विणकरांच्या वस्त्या धुंडाळल्या. पण नदीनं तो काठच गिळला होता. गावाच्या जागी पाणी. म्हाताऱ्याचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं.

“आता सांग, कशाचा हार घालून घेऊ? शूर म्हणे! मले वाचवणारे माझ्याच हातानं मेले असतील तं?”

“शोधू या ना, आबाजी. आता फोन आहेत, नेट आहे...”

“नको.” हे एवढं कडक ते पहिल्यांदाच बोलले. “मले माहीत नाही, तोवर ते जिवंत आहेत. एवढं राहू दे माझ्याजवळ.”

मंजुषानं धोटा उचलला. पण त्या दिवसापासून तिला चैन पडेना. भात लावताना, लंगोट वाळत घालताना, मनालीला पाजताना डोळ्यांपुढे ती अठरा वर्षांची आई यायची. झोळीची दोरी धरून उभी, समोर बंदूक, आणि आपल्या बाळाची झोप एका परक्याच्या हातात. तिचं काय झालं असेल? हे आता एकट्या आबाजींचं राहिलं नव्हतं.

तिनं मनाशी ठरवलं, की वाईट कळलं तर आपण गिळून टाकायचं, मरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. चांगलं कळलं तरच बोलायचं. आणि मग दुपारच्या चोरलेल्या वेळात तिनं पांढऱ्या सुताची वीतभर पट्टी विणली. दोन्ही काठ लाल, उजवा सरळ आणि डाव्याला अकरा दात. फोटो काढला. फोनवरच्या भाषांतरानं बंगालीत चार ओळी केल्या, ‘असा एकाच बाजूला दात असलेला काठ कोणी पाहिला आहे का? जुन्या साडीवर?’ आणि सीमेच्या दोन्हीकडच्या हातमागवाल्यांच्या तीन फेसबुक गटांवर टाकून दिल्या.

पहिला आठवडा विक्रेत्यांचाच गेला. कोणी पाच हजारांना साडी देऊ केली, कोणी म्हणालं, बाई, दुसरा काठ विणायला विसरलात. सत्काराला नऊ दिवस उरले होते. कुंदन रोज आबाजींच्या खोलीकडे बघून उसासे टाकायचा, आणि सुमित्राबाई बाजाराला जाताना सत्यभामाबाईंचं घर टाळून लांबच्या वाटेनं जायच्या.

अकराव्या दिवशी मनालीला भरवताना फोन वाजला. आनिसुर नावाच्या माणसाचा निरोप होता, मोडक्या हिंदीत.

‘ये पाड़ हमारे घर का है. और किसी के पास नहीं. आपको कैसे मालूम?’

खाली एका साडीचा फोटो. पांढरी, जुनी, घड्यांवर पिवळी पडलेली. उजवा काठ सरळ, डाव्या काठाला लाल दात.

मंजुषाच्या हातातला घास तसाच राहिला. मनालीनं तो तिच्या मनगटावरून चाटून घेतला. तिनं फोटो मोठा केला आणि एकेक दात मोजत गेली. अकरा दात थोडे तिरपे, घाईचे, मोहाडीच्या वळणाचे. अकरावा संपला. पण करवत तिथं संपली नव्हती. बारावा दात होता. तेरावा, चौदावा. हे दात दुसऱ्या हाताचे होते, बसके, जपून घातलेले, नवशिक्यानं घालावे तसे. पुढे पुढे ते सफाईदार होत गेले होते, आणि साडीच्या टोकापर्यंत, पदरापर्यंत, एकही दात चुकला नव्हता.

तिला सगळं लिहून विचारायला अर्धा तास लागला. उत्तर एका दमात आलं. दुसऱ्या दिवशी खरंच अधिकारी आला होता. पण तोवर दादांनी, म्हणजे आजोबांनी, त्या काठाला हातभर दात घालून ठेवले होते. अधिकाऱ्यानं विचारलं, हे काय? दादा म्हणाले, आमच्या घरचा जुना काठ. अधिकारी म्हणाला, विणून दाखव. दादांनी त्याच्या देखत आणखी चार दात विणले. अधिकारी निघून गेला. दादा पुरतं आयुष्य जगून, नातवंडं खेळवून गेले. गाव नदीत गेल्यावर घर दुसऱ्या जिल्ह्यात आलं, माग मात्र बरोबर आणला. हा काठ आजही तिथं विणतात. त्याला मेहमान पाड म्हणतात, पाहुण्याचा काठ. आणि शेवटी लिहिलं होतं, ‘झूले में जो बच्चा था, वो मैं हूँ. अम्मी ज़िंदा है.’

मंजुषानं मनालीला काखोटीला मारलं आणि परसात धावली.

आबाजी पेपर वाचत होते. तिनं काही न बोलता फोन त्यांच्या हातात दिला. आधी त्यांना वाटलं, मनालीचा फोटो असेल. “काय गं, दात आला का हिले?” असं म्हणत त्यांनी चष्मा वर केला. मग भिंग मागितलं.

ते मोजत होते. ओठ हलत होते. अकरावर थांबले. मंजुषानं बोटानं फोटो पुढे सरकवला. आणि एकोणीस तास खुर्चीवरून न हललेला तो माणूस उभा राहिला, परत बसला, परत उभा राहिला.

“पुढे विणलं त्यानं,” ते म्हणाले. “पोरी, पुढे विणलं गं त्यानं! दहादा झाली तं...”

वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही.

“ओरडा मले,” मंजुषा म्हणाली. “तुम्ही नको म्हटलं होतं.”

“ओरडीन. उद्या ओरडीन.”

संध्याकाळी फोनच्या पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बाई दिसली. नाव राबेया. शेजारी चोपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला आनिसुर. झोळीतलं तान्हं पोर ते हेच, हे मंजुषाच्या मनाला काही केल्या पटेना. आबाजी बंगालीत काहीतरी बोलू लागले. राजदूत म्हणून त्यांनी कुठल्या कुठल्या दरबारात भाषणं केली असतील, पण इथं शब्द अडखळत होते. म्हातारीनं त्यांना पुरं बोलूच दिलं नाही. ती पुढे वाकली, आपला पाय पलंगावर वर घेतला, स्वतःच्या घोट्याला हात लावला आणि काहीतरी विचारलं.

“काय म्हणते?” मंजुषानं हळूच विचारलं.

“पाय बरा झाला का, म्हणते.” आबाजींनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. “खड्ड्यातला पाय तिनं पाहिला होता. शिपायाले दिसला नाही, तिले दिसला.”

मग म्हातारीकडे वळून ते काहीतरी म्हणाले. ती हसली, बोळक्या तोंडानं. नंतर त्यांनी मंजुषाला सांगितलं, की मी म्हटलं, बरा आहे, थंडीत तेवढा दुखतो. आणि ती म्हणाली, तेल लावत जा.

दुसऱ्या दिवशी आबाजी ओरडले नाहीत. सकाळीच ओसरीवर येऊन कुंदनला म्हणाले, “बँड काढून टाक. बाकी येतो मी.” कुंदननं आनंदानं उडीच मारली. “आणि शाल दुकानातली नको. ही पोरगी विणेल.”

“चार दिवसांत?” सुमित्राबाई म्हणाल्या. “घरात पोर, भांडी...”

“भांडी मी घासतो,” माजी राजदूत म्हणाले.

आणि त्यांनी खरंच घासली. चार दिवस परसात नळाशी पाट टाकून बसायचे. आत खटक-खट, बाहेर राखेनं घासलेल्या पितळेची खसखस. मनालीची झोळी हलत राहिली. मंजुषाला अधूनमधून वाटायचं, आपल्या पायांखालच्या खड्ड्यात आणखी कोणाचा तरी पाय आहे, मोडलेला, पण पावडी न सोडणारा. मग ती ताल जपून धरायची.

सत्काराच्या दिवशी हॉल भरून गेला. आबाजींनी भाषणात विमानाबद्दल फार थोडं सांगितलं. ते एका म्हाताऱ्या विणकराबद्दल बोलत राहिले, ज्यानं परक्याची चूक आपल्या घरची म्हणून अंगावर घेतली. त्याचं नाव त्यांना पाच दिवसांपूर्वीच कळलं होतं, मोबारक. ते त्यांनी तीनदा उच्चारलं. चोपन्न वर्षं न घेतलेलं नाव होतं ते.

तहसीलदारांनी आबाजींना शाल पांघरली. कोशाची, मधाच्या रंगाची, आणि डाव्या खांद्यावरून खाली उतरणारी लाल करवत. उजवा काठ कोराच.

पहिल्या रांगेत सत्यभामाबाई सुमित्राबाईंच्या कानाशी लागल्या. भाषणभर त्या आपल्या खुर्चीचा हलता पाय सारखा करत होत्या. ऐकलं काय असेल ते देवाला ठाऊक.

“का वो सुमित्रा, सुनेनं एक काठ अर्धाच सोडला ना! घाई झाली वाटते. एवढ्या लोकांत दिसते ना ते.”

मागच्या रांगेत मांडीवर मनालीला घेऊन बसलेल्या मंजुषाला ते ऐकू गेलं. सासू आता काय म्हणते म्हणून ती पुढे वाकली.

सुमित्राबाईंनी स्टेजवरची नजर काढली नाही.

“सोडला नाही, बाई,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरचा काठ तसाच आहे.”